कडेचा कप्पा

बॅग घरी आली तेव्हा तिचा नवरा आंघोळीला गेला होता, म्हणून खोकं तिनेच घेतलं. खोकं मोठं आणि त्या मानाने हलकं होतं. आत काय आहे ते बघायला तिला उघडायचीही गरज पडली नाही, पावती बाहेरच प्लास्टिकच्या पाकिटात घालून चिकटवलेली होती. आकडा वाचून तिला आधी वाटलं, चुकून एक शून्य जास्त पडलंय. तिने चष्मा लावून पुन्हा वाचला. दोन महिन्यांचं घरभाडं झालं असतं तेवढ्यात. आणि कशासाठी, तर चकत्या ठेवायच्या बॅगेसाठी.

तिचा नवरा गेली कित्येक वर्षं दर रविवारी सकाळी डिस्क गोल्फ खेळायला जायचा. तळ्याकाठच्या मोठ्या बागेत ठिकठिकाणी खांब रोवले होते. प्रत्येक खांबावर एक लोखंडी टोपली आणि टोपलीच्या वर साखळ्यांची झालर. लांबून प्लास्टिकची डिस्क फेकायची, ती जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि शेवटी साखळ्यांना आपटून ती टोपलीत पडली पाहिजे. ज्याला कमीत कमी वेळा फेकावी लागेल तो जिंकला. बागेत जायला कुणी पैसे मागत नाही आणि डिस्क हरवली नाही तर वर्षानुवर्षं टिकते, म्हणून तिने या खेळाबद्दल कधी कुरकुर केली नव्हती. उलट त्याला लागणारी पिशवी तिनेच शिवून दिली होती.

शिवणं हे तिचं काम होतं. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या खोलीत तिचं मशीन होतं. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, कोटांची अस्तरं बदलायची, चेन बसवायच्या. उरलेल्या जाड कॅनव्हासमधून तिने नवऱ्यासाठी खांद्याला अडकवायची पिशवी केली, आत डिस्कसाठी उभे कप्पे घातले, पट्ट्याला दुहेरी शिलाई मारली. तो ती बागेत मिरवायचा. कुणी विचारलं की म्हणायचा, ही दुकानात मिळत नाही, त्यासाठी लग्न करावं लागतं.

तो टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला आणि खोक्याकडे बघून जागीच थांबला.

"माझी पिशवी फाटली का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग?"

"हिला पाठीवर घ्यायचे दोन पट्टे आहेत. आणि स्टूल आहे खाली. उघडून बसता येतं."

"तुम्ही खेळायला जाता की बसायला?"

यावर तो काहीतरी बोलेल असं तिला वाटलं होतं. एरवी तो शब्दाला शब्द देणारा माणूस होता. पण त्याने खोकं उचललं, आतल्या खोलीत नेलं, आणि कामावर जायला उशीर होतोय म्हणून न जेवताच निघाला.

तो दगडाच्या कारखान्यात होता. स्वयंपाकघरातले ओटे, जिन्याच्या पायऱ्या, बँकांची काउंटरं, असले मोठमोठे दगड मापात कापून घासायचे. त्याने फिरवलेला हात दगडावर ओळखू यायचा, म्हणून तिथे, आणि पुढे बागेतही, सगळे त्याला पॉलिशच म्हणत. अलीकडे मालकाने त्याला कापायच्या मशीनवरून उठवून पुढे ऑफिसात बसवलं होतं, गिऱ्हाइकांना नमुने दाखवायला. वय झालं, मान दिला, असं त्याने घरी सांगितलं. तिने शेजारणीला सांगितलं की यांना बढती मिळाली.

चार-पाच दिवस घरात कुणी कुणाशी कामापलीकडे बोललं नाही. पैशांचं दुःख होतंच, पण खरं तिला लागलं होतं ते वेगळंच. एवढी वर्षं तिने शिवलेली पिशवी त्याला चालली, आणि आता त्याने तिला न विचारता दुसऱ्या कुणाची तरी शिलाई विकत आणली. हे ती मोठ्याने बोलू शकत नव्हती. ऐकणाऱ्याला हसू आलं असतं.

दुसऱ्या शहरात राहणाऱ्या मुलीच्या कानावर तिने फोनवर सगळं घातलं. मुलगी व्यवहारी होती. म्हणाली, "आई, अजून परत करायची मुदत असेल. शिलाई उसवलीय, चेन अडकते, असं काहीतरी लिहायचं. तुला तर बघता क्षणी दिसेल काय खोट आहे ते."

तिला ते पटलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी नवरा जेवून आडवा झाला होता, तेव्हा तिने बॅग खिडकीपाशी आणली आणि दुकानात आलेला कोट तपासावा तशी तपासायला घेतली. सगळ्या चेन उघडल्या, मिटल्या. पट्टे ओढून बघितले. खालचं स्टूल उघडलं, त्याच्यावर जोर देऊन बघितला. अस्तर उलटं केलं. काम चोख होतं, आणि त्याचा तिला रागच आला. जिथे ताण येतो तिथे आडवे टाके होते, कडांना पट्टी होती, कुठे दोरा सुटलेला नव्हता.

मग तिने कडेच्या कप्प्यात हात घातला. पाण्याच्या बाटलीसाठी असतो तसा उंच, गोल कप्पा. आत बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. तिने कप्पा उलटा केला. आतून एक पट्टा शिवला होता, कसलंतरी गोल नळकांडं घट्ट धरून ठेवायला असावा तसा. दोरा जाड, नायलॉनचा. टाके लांबट, वाकडे, एकावर एक चढलेले, आणि शेवटी गाठींचा नुसता गोळा. असली शिलाई कुठल्याही कारखान्यातून बाहेर पडली नसती. आणि ती ज्या हाताने घातली होती तो हात तिने ओळखला. लग्नानंतर ती माहेरी गेली असताना त्याने स्वतःच्या शर्टाचं बटण असंच लावलं होतं.

तो जागाच होता. तिने बॅग त्याच्यासमोर धरली.

"हे कुणी शिवलं?"

"मी."

"घरात मी बसलेली असताना?"

"तुला सांगितलं असतं तर कशासाठी ते पण सांगावं लागलं असतं."

ती पलंगाच्या कडेला बसली. त्याने उठून भिंतीला टेकून बसायचा प्रयत्न केला, आणि तेवढ्याशा हालचालीने त्याला धाप लागलेली तिला दिसली. ती याआधीही लागत असणार. हवा बदलली की खोकला येतो, असं तो म्हणायचा आणि तीही तेच म्हणत आली होती.

मग त्याने सांगितलं. फार लांबवलं नाही. इतक्या वर्षांची दगडाची पिठी फुप्फुसात बसलीय, आणि फुप्फुसं आता आतून कडक होत चाललीत. औषध आहे, पण ते फक्त थोडं सावकाश होऊ देण्यापुरतं. मशीनवरून उठवलं ते त्यामुळेच. यापुढे चालताना ऑक्सिजन लागेल, छोटा सिलिंडर बरोबर ठेवा, असं डॉक्टर म्हणाले.

"कधी म्हणाले?"

"थंडी संपता संपता."

"आत्ता उन्हाळा आहे."

"हो."

"आणि तुम्ही सिलिंडरचं ऐकून बॅग आणलीत."

"रविवार सोडवेना गं," तो म्हणाला. "खांद्याला पिशवी अडकवली की एका बाजूने छाती दाबली जाते. सारखं टेकावं लागतं. आणि सिलिंडर हातात धरला तर डिस्क कशी फेकू? मी दुकानात जाऊन माप घेऊन आलो. याच बॅगेच्या कप्प्यात तो बसत होता."

तिला त्याचे शर्ट आठवत होते. रोज संध्याकाळी ते मागच्या दाराबाहेर झटकून मगच ती धुवायला टाकायची, आणि पांढरा धुरळा उडायचा तेव्हा तोंडावर पदर धरायची. घरात घाण नको म्हणून.

"दवाखान्यात एकटेच जायचात?"

"क्लच न्यायचा."

क्लच म्हणजे त्याचा खेळातला जोडीदार. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा. आयुष्यातल्या कुठल्याही प्रश्नावर तो, घाई नको, हळूहळू क्लच सोडा, असं म्हणायचा म्हणून ते नाव पडलं. म्हणजे टपावर शिकाऊ गाडीची पाटी असलेल्या त्या मोटारीतून तिचा नवरा तपासण्यांना जात होता, आणि इथे ती शेजारणीला बढती सांगत होती.

तिने ब्लेड आणलं आणि त्याच्यादेखत ते सगळे टाके उसवून काढले. तो बघत राहिला.

"सिलिंडर केवढा आहे?"

त्याने हाताने दाखवलं.

"मी अंदाजाने शिवत नाही. घेऊन या."

सिलिंडर क्लचच्या घरी होता. फोन केल्यावर क्लच लगेच तो घेऊन आला आणि शाळेत उशिरा पोचलेल्या पोरासारखा दारात उभा राहिला. वहिनी, मला त्याने शपथ घातली होती, असं काहीतरी पुटपुटला. तिने त्याला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि एक शब्दही बोलली नाही. मात्र सिलिंडर हातात घेऊन त्याचा घेर, उंची, वरच्या चावीपर्यंतचं अंतर, सगळं टेपने मोजलं. दुसऱ्या दिवशी दुकानात जेवायच्या सुट्टीत तिने कप्प्याच्या आत रुंद पट्टा बसवला, तळाला जाड फेल्टचा गोल घातला आणि नळी बाहेर काढायला काजाच्या टाक्याने बारीक भोक केलं. मुलीला फोन करून सांगितलं की बॅगेत खोट निघाली नाही. बाकीचं मग नवऱ्यानेच मुलीला सांगितलं, आणि तो फोन चालू असताना ती मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली.

पुढच्या रविवारपासून तीही जाऊ लागली. बॅग मी पाठीवर घेते, म्हणाली. सुरुवातीला तो नको म्हणाला, चारचौघांत बरं दिसत नाही म्हणाला. पण दुसऱ्या टोपलीच्या चढावर त्याने स्वतःच पट्टे खांद्यावरून उतरवून तिच्याकडे दिले आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

नळी फार लांब नव्हती. सिलिंडर तिच्या पाठीवर आणि नळीचं दुसरं टोक त्याच्या नाकाशी, म्हणून तो फेकायला उभा राहिला की तिला त्याच्या मागे जवळच उभं राहावं लागे. तो वळला की तिने वळायचं, तो अर्धं पाऊल मागे आला की तिने अर्धं पाऊल मागे. पहिल्यांदा दोघं एकमेकांच्या पायात आले. नळीला हिसका बसला आणि डिस्क सरळ शेजारच्या झुडपात गेली. क्लच म्हणाला, वहिनी, हळूहळू सोडा. तिला त्याच्यावर रागावून राहायचं होतं, पण हसू आलं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलायला लागली.

दोनेक आठवड्यांत जमलं. त्याचा खांदा कधी मागे जाणार हे तिला श्वासावरून कळायला लागलं. आधी एक लांब श्वास, मग थोडा थांबा, मग हात. धावत येऊन फेकायचं आता शक्य नव्हतं, जागेवर उभं राहून तो फेकायचा, तरी डिस्क झाडांच्या मधून अशी वळत जायची की बाजूला थांबलेले लोक बघत राहायचे. फेकून झालं की ती बॅग खाली ठेवायची, स्टूल उघडायची आणि तो बसायचा. बसल्याबसल्या क्लचच्या खेळावर शेरे मारायचा. छान पडली. वाया घालवलीस. थोडक्यात हुकली.

एका सकाळी तिचीच कंबर भरून आली तेव्हा त्याने तिला बळेच स्टुलावर बसवलं आणि आपण तिच्या खांद्यावर हात टेकून उभा राहिला. स्टूल ठेंगणं होतं. समोर गवत, उंचवटा, आणि उंचवट्यापलीकडे गेलेल्या क्लचची फक्त टोपी दिसत होती.

"इथून टोपली दिसतच नाही," ती म्हणाली. "मग मघाशी तुम्ही छान पडली कशावरून म्हणालात?"

"आवाजावरून. नीट पडली तर साखळ्या एकदम वाजतात, एकच आवाज होतो. काठावर आपटली तर नुसती खुळखुळते. ऐक."

दोघांनी ऐकलं. पलीकडे खुळखुळ झाली, आणि पाठोपाठ क्लचची शिवी ऐकू आली. तो इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. तिला सिलिंडरची चावी थोडी जास्त उघडावी लागली, आणि उबळ ओसरेपर्यंत तिने चावीवरचा हात काढला नाही. तरी पुढे ती सकाळ तिला हसण्यासाठीच आठवायची.

तो उन्हाळा असा गेला. मग सगळी बाग चालणं होईना, तेव्हा ते अर्ध्यावरून परतायला लागले. मग पहिल्या तीन टोपल्यांपर्यंत. मग पहिल्या टोपलीपाशी स्टूल टाकून तो नुसता बसायचा आणि येणारेजाणारे त्याच्याशी बोलायला थांबायचे. कुणाची पकड चुकत असेल तर सांगायचा. बोलताना मध्येच श्वासासाठी थांबावं लागायचं, आणि समोरचा माणूस घाई न करता उभा राहायचा. लोक चांगले होते. बॅगही सगळ्यांच्या ओळखीची झाली होती.

गारठा पडल्यावर त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिने बॅग तिथेही नेली होती, कपडे आणि टॉवेल घालून. दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला, "ती घरी ने. जो येतो तो तिच्याकडे बघून म्हणतो, बरा झालास की खेळू. मला हो म्हणावं लागतं."

तिने नेली. घरून परत आली तेव्हा त्याला झोप लागली होती. त्यानंतर तो बोलला, पण फार नाही. मुलगी आली, दोन्ही बाजूंना दोघी बसल्या. एका सकाळी, नर्स चादर बदलायला आली तेव्हा, तो गेलेला होता. कधी गेला ते शेजारी बसून दोघींनाही कळलं नाही.

पुढच्या दिवसांत माणसं आली आणि गेली. सिलिंडरवाला येऊन सिलिंडर घेऊन गेला. बॅगेचा कडेचा कप्पा रिकामा झाला, तरी फेल्टमुळे आणि पट्ट्यामुळे तसाच गोल उभा राहिला. मुलीने एकदा विचारलं, बॅग विकायची का, अजून नव्यासारखी आहे. मग आईचं तोंड बघून म्हणाली, राहू दे. पण तिलाच ती घरात नको होती. तिने क्लचला बोलावून बॅग त्याच्या हवाली केली. खेळणाऱ्याकडे असलेली बरी, म्हणाली.

तीन आठवड्यांनी क्लच बॅग घेऊन परत आला. चहा समोर ठेवला तरी त्याने हात लावला नाही.

"वहिनी, हे माझ्याच्याने होत नाही. लोक बॅग बघतात आणि विचारतात, आज पॉलिश कुठेय? बऱ्याच जणांना माहीतच नाही. कोणी महिन्यातून एकदा येतो, कोणी दोनदा. प्रत्येक टोपलीपाशी कोणी ना कोणी असतोच."

"मग सांगायचं."

"सांगतो. पण सांगितल्यावर पुढची डिस्क हातातून सुटत नाही."

हा माणूस दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून त्यांना घाबरू नका म्हणायचा, आणि आता तिच्या स्वयंपाकघरात मान खाली घालून बसला होता. नवऱ्याच्या आजाराची पहिली बातमी यालाच होती. तेव्हाही हा एकटाच ती पोटात घेऊन फिरला होता. तिला तेव्हा त्याचा हेवा वाटला होता, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

"रविवारी मी येते," ती म्हणाली. "तुम्ही खेळा. सांगायचं माझ्याकडे."

रविवारी तिने बॅग पाठीवर घेतली. सिलिंडर नसल्याने ती हलकी होती आणि एका बाजूला ओढत नव्हती. त्यामुळेच तिला नीट चालता येईना, ती सवयीने उजवीकडे कलत होती. पहिल्या टोपलीपाशी एक ओळखीचं जोडपं भेटलं, त्यांना तिने सांगितलं. बाईने तिला जवळ घेतलं. दुसऱ्या टोपलीपाशी कुणी नव्हतं. क्लच खेळला, वाईट खेळला, पण खेळला.

तिसऱ्या टोपलीच्या वाटेवर एक नवखा माणूस उभा होता. हातात चार नव्याकोऱ्या डिस्क, एक काखेत. त्याने बॅगेकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"एक विचारू का? ही बॅग कशी आहे? घ्यायची फार इच्छा आहे, पण किंमत बघितली की हात मागे येतो. पैसे वसूल होतात का?"

क्लच पुढे झाला. तिने त्याला हातानेच थांबवलं.

"डिस्क किती आहेत तुमच्याकडे?"

"पाच."

"मग नका घेऊ. साधी पिशवी पुरते. कुणी शिवून देणारं असेल तर उत्तमच."

"पण तुम्ही घेतलीत ना."

"माझ्या मिस्टरांनी घेतली. त्यांना मध्ये मध्ये बसायला लागायचं. मी भांडले होते त्यावरून."

माणूस समजूतदारपणे हसला. "आता बरे आहेत का ते?"

"नाही," ती म्हणाली. "गेले ते. गारठ्यात गेले."

त्याचा चेहरा पडला. माफ करा, म्हणाला, आणि काखेतली डिस्क खाली पडली ती उचलायचंही त्याला सुचेना. तिने वाकून ती उचलून त्याच्या हातात दिली. शब्द पूर्ण बाहेर पडले होते. त्याला काहीतरी अजून सांगावं असं तिला वाटलं. एका उन्हाळ्यात आम्ही ही पाठीवर घेऊन जितकं चाललो तितकं सबंध संसारात चाललो नव्हतो, असं काहीतरी. पण त्याला ते कशाला? त्याने फक्त बॅगेचं विचारलं होतं.

"शिलाई चांगली आहे," ती म्हणाली. "उसवणार नाही."

क्लचने डोळे पुसले आणि डिस्क फेकली. ती झाडाला लागून वाटेवरच पडली. पुढे चौथ्या टोपलीपाशी दोघंजण थांबले होते. त्यांनी लांबूनच बॅग ओळखली आणि हात वर केला. तिने पट्टे खांद्यावर नीट ओढून घेतले आणि त्यांच्याकडे चालू लागली.